खाडीचा वास

[दृश्य: ओहोटी. वाशीच्या पुलावरून जाणारी लोकल, खाली ठाण्याची खाडी.]

मुंबईच्या हार्बर मार्गाची गाडी मानखुर्द सोडते, पूल येतो, आणि ओहोटी असली की डब्यातले रुमाल नाकाला लागतात. सडक्या अंड्यांसारखा वास. त्यात शहराच्या सांडपाण्याचाही वाटा आहेच. पण खारफुटीच्या चिखलाचा मूळचाही असा एक वास असतो. तो कुठून येतो, ते ऐका.

डोंगरावरच्या जंगलात पान गळलं की वाळवी, बुरशी, जिवाणू त्याचा फडशा पाडतात. पानातला बराचसा कार्बन वायू होऊन हवेत परत जातो. खाडीत तिवराचं, म्हणजे खारफुटीतल्याच एका झाडाचं, पान चिखलात गाडलं जातं. इथे पृष्ठभागाखाली काही मिलिमीटरवर प्राणवायू संपतो. तिथले जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर गुजराण करतात आणि त्यातूनच हा वास सुटतो. कुजणं अतिशय सावकाश चालतं. पानं, काटक्या, मुळं थरावर थर साचत राहतात, शेकडो वर्षं. हेक्टरी हिशेब केला तर खारफुटी इतर बहुतेक जंगलांपेक्षा कितीतरी जास्त कार्बन धरून ठेवते, आणि त्यातला मोठा हिस्सा झाडांत नसतो, चिखलात असतो.

[दृश्य: तिवराचं पान, अगदी जवळून.]

पानावर चमकतंय ते मीठ. जीभ लावलीत तर खारट लागेल. मुळांवाटे आत आलेलं जास्तीचं मीठ झाड पानांतून बाहेर टाकतं. आणि खाली पेन्सिली रोवल्यासारखी दिसतात ती मुळंच. चिखलात श्वास घ्यायला हवा नाही, म्हणून ती वर आली आहेत.

भरतीचं पाणी या मुळांच्या दाटीत मंदावतं, गाळ खाली बसतो, तळ कणाकणाने चढतो. समुद्राची पातळी वाढते आहे. तिच्यासोबत वर चढायची ताकद या जंगलात आहे. फक्त गाळ मिळत राहायला हवा आणि मागे सरकायला जागा हवी. मुंबईत मागे भिंत आहे, रस्ता आहे, भराव आहे.

२०२१ च्या वन सर्वेक्षण अहवालात महाराष्ट्राची कांदळवनं, म्हणजे खारफुटीची जंगलं, ३२४ चौरस किलोमीटर नोंदली आहेत. ती नष्ट करणं म्हणजे जगण्याच्या मूलभूत हक्कावर घाला, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं.

तरीही प्रकल्पासाठी तिवरं तोडायची वेळ आली की सांगितलं जातं, बदल्यात दुसरीकडे झाडं लावू. लावाच, जरूर लावा. पण इथला चिखल उकरला की त्याला हवा लागते, आणि इतकी वर्षं मिटून राहिलेला कार्बन सुटू लागतो. दुसरीकडे लावलेलं रोप वीतभर असतं. त्याच्या मुळाखाली असा साठा जमायला पुन्हा तेवढाच काळ जावा लागतो.

[दृश्य: भरती. एकेक मूळ पाण्याखाली जातं.]