दुकानाचे नाव, कारागिरांचे हात

जुन्या इंग्लिश दुनळीचा विषय निघाला की लोकांच्या तोंडी लगेच लंडनची नावे येतात. पर्डी, हॉलंड अँड हॉलंड, बॉस. ती नावे मोठी आहेत यात वाद नाही. फ्रेडरिक बीझलीने 1880 मध्ये पेटंट घेतलेली, बंदूक उघडताना स्वतःच जोर लावणारी रचना पर्डीने त्याच्याकडून विकत घेतली, आणि पर्डीची दुनळी आजही त्याच तत्त्वावर बनते. पण त्या बंदुकांवर लिहिणारे, बोलणारे पुष्कळ आहेत. आज मी बोलणार आहे बर्मिंगहॅमच्या साध्या बॉक्सलॉकविषयी, म्हणजे बार उडवणारी यंत्रणा मधल्या लोखंडी पेटीतच बसवलेल्या दुनळीविषयी. इंग्लंडमधल्या लिलावात ती आजही काहीशे पौंडांत मिळते, नव्या इटालियन बंदुकीपेक्षा कितीतरी स्वस्तात. माझ्याकडे अशीच एक आहे, दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली.

तिच्या दोन नळ्यांमधल्या पट्टीवर एका छोट्या गावातल्या दुकानाचे नाव कोरलेले आहे. त्या दुकानात बंदूक बनलेली नाही. तेव्हा अशी शेकडो दुकाने बर्मिंगहॅमहून तयार बंदूक मागवत आणि तिच्यावर आपले नाव कोरून घेत. ज्यांनी ती खरोखर घडवली ते राहत आणि काम करत ते स्टीलहाउस लेन, वीमन स्ट्रीट, लव्हडे स्ट्रीट, प्राइस स्ट्रीट या गल्ल्यांत. त्या भागाला गन क्वार्टर म्हणतात. नळ्यांचा माणूस वेगळा, ॲक्शनचा, म्हणजे नळ्या ज्यात बसतात त्या मधल्या लोखंडी भागाचा, वेगळा, दस्ता बसवणारा, नक्षी कोरणारा, शेवटचा हात फिरवणारा, सगळे वेगळे. अर्धवट बंदूक एका कारखान्यातून दुसऱ्यात जायची. पुढे 1960 च्या दशकात शहराचा रिंगरोड आला आणि त्या गल्ल्यांचा मोठा भाग गेला. जे गेले त्यांची नावे पट्टीवर कधीच नव्हती, म्हणून ते गेल्याचेही फारसे कुणाला कळले नाही. मला याचे मनापासून वाईट वाटते.

या माणसांचे काम पाहायचे असेल तर नक्षी सोडा, सांधा पाहा. नळ्या ॲक्शनला जिथे टेकतात, तिथे फट म्हणून राहू द्यायची नसते. ती घालवायचे काम दिव्याच्या काजळीने होते. कारागीर धुरकट ज्योतीवर एक भाग धरतो, त्यावर काजळी धरली की तो दुसऱ्या भागात बसवतो आणि काढतो. समोरच्या लोखंडावर जिथे काळे उठले तिथेच धातू जास्त आहे. तेवढाच कानशीने घासायचा. परत काजळी, परत कानस. दोन्ही पृष्ठभागांवर काळे एकसारखे उमटेपर्यंत हे चालते. हे काम आजही असेच होते. माझ्या बंदुकीच्या नळ्या उजेडासमोर धरून पाहिल्या तर त्या सांध्यातून आजही प्रकाशाची रेघ दिसत नाही, आणि ज्याने हे केले त्याला हिशेबाने मजुरी मिळत होती, कीर्ती नाही.

आतली रचना विल्यम ॲन्सन आणि जॉन डीली यांची. दोघेही वेस्टली रिचर्ड्स या बर्मिंगहॅमच्या बंदूक कंपनीत होते, पेटंट 1875 चे. त्याआधी घोडे, म्हणजे आघात करून काडतूस उडवणारे हातोडे, सहसा बाहेर असत आणि अंगठ्याने मागे ओढावे लागत. या दोघांनी घोडे ॲक्शनच्या पोटात घातले आणि ते चढवायचे काम नळ्यांच्याच वजनावर सोपवले. बंदूक मोडली, म्हणजे उघडली, की नळ्या खाली जाताना आतली तरफ दाबली जाते आणि घोडे चढतात. भाग इतके थोडे, की बिघडायला फारसे काही राहतच नाही. मात्र वरचा सेफ्टीचा खटका फक्त चाप अडवतो, घोडा नाही. म्हणून कुंपण ओलांडताना बंदूक उघडून, काडतुसे काढूनच ओलांडायची. याला अपवाद नाही.

आता नळ्या काढून उलट्या करा. बंदुकीची खरी जन्मकुंडली तिथे आहे. बर्मिंगहॅमचे प्रूफ हाउस 1813 मध्ये संसदेच्या कायद्याने उभे राहिले. प्रत्येक नळीत नेहमीपेक्षा जास्त दाबाचा बार उडवून ती टिकली तरच शिक्का. 1904 पासून मुकुटाखाली बीपी, बीव्ही आणि एनपी ही अक्षरे दिसतात. एनपी म्हणजे नळी बिनधुराच्या दारूसाठी तपासलेली आहे. तो शिक्का नसेल तर आजचे काडतूस घालू नये. 1954 नंतर काही दशके मारलेल्या शिक्क्यांत दर चौरस इंचाला किती टन दाब तेही असते.

सगळ्यात महत्त्वाचे चेंबर, म्हणजे काडतुसाची खोबण. या जुन्या बारा बोअरमध्ये ती बहुतेक अडीच इंचाची, 65 मिलिमीटरची. आज बाजारात सर्रास मिळते ते 70 चे काडतूस. ते तिच्यात बसते, आणि घात तिथेच होतो. काडतुसाची लांबी मोजतात ती उडाल्यानंतरची. दुमडलेले तोंड उलगडायला पुढे जागाच नसली तर ते नळीच्या अरुंद भागात घुसते आणि दाब वाढतो. आपल्याकडे गावोगावच्या जुन्या घरांत परवान्यावरची इंग्लिश दुनळी वारशाने आलेली असते, आणि खडकीच्या दारूगोळा कारखान्याचे काडतूस मिळाले की ते घातले जाते. परवाना नावावर करून घेताना जाणकार बंदूकवाल्याकडून चेंबर आणि नळीची जाडीही मोजून घ्या. शिक्का मारतात तेव्हा जाडी पाहत नाहीत, आणि नंतर कुणी गंज काढायला नळी आतून घासली असेल तर ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. नळीची जाडी 0.02 इंच, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाचे वीस भाग, त्याखाली मी तरी जात नाही.

नळ्या मोकळ्या टांगून बोटाच्या पेराने टिचकी मारा. घंटेसारखा लांब नाद आला तर पट्ट्यांचा डाख शाबूत आहे. भुरभुर आवाज आला तर कुठेतरी सुटलाय.

आता हातात घ्या. साडेसहा पौंड, म्हणजे तीन किलोच्या आत. बर्मिंगहॅमचे बंदूककार डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यांच्या नावाने एक जुना नियम सांगतात: छऱ्यांच्या वजनाच्या 96 पट बंदूक असावी. एक औंस छर्रे असतील तर सहा पौंड. हलकी बंदूक खांद्यावर चटकन येते, जड छऱ्यांचा झटका मात्र ती सोसत नाही, आणि माणूसही नाही. दस्ता अक्रोडाचा, सरळ, आणि उजव्या हाताच्या माणसासाठी किंचित उजवीकडे वळवलेला, कारण या बंदुकीला नेम धरायची मागची माशी नाही, तिचे काम तुमचा डोळा करतो. माझ्या बंदुकीचा दस्ता आधीच्या मालकाच्या अंगाला बेतलेला होता. कारागिराने मुठीवर गरम जवसाचे तेल सोडत लाकूड मऊ केले आणि हळूहळू वाकवून माझ्या डोळ्याला आणले. त्या मालकाची खूण मात्र अजून आहे. फोरएंडच्या, म्हणजे नळ्यांखालच्या लाकडी मुठीच्या, पुढे नळ्यांचा काळा रंग उडालेला आहे, डाव्या बाजूला जास्त. तो डावा हात पुढे, नळ्यांवरच ठेवत असणार. ते मी पुन्हा रंगवून घेतलेले नाही.

घरी ठेवताना बंदूक तोंड खाली करून ठेवा. दस्त्यावर उभी ठेवली तर तेल उतरून दस्त्याच्या तोंडाशी मुरते आणि अक्रोड सडते. स्क्रूंच्या खाचा इतक्या बारीक असतात की बाजारातला पेचकस लावला की त्या फाटतात. पात बरोबर बसणारा पेचकस नसेल तर हात लावू नका.

आणि आता छऱ्यांचा प्रश्न. ब्रिटन सरकारने 2025 मध्ये शिशाच्या छऱ्यांवर बंदी आणायचे जाहीर केले, बदलासाठी काही वर्षांची मुदत देऊन. शिसे पक्ष्यांच्या पोटात जाते, विष आहे, त्यामुळे त्याला माझा विरोध नाही. पण पोलादी छर्रे या पातळ, घट्ट चोकच्या, म्हणजे तोंडाशी आवळलेल्या, नळ्यांना मानवत नाहीत. राहतो बिस्मथ हा धातू. तो मऊ आहे, जुन्या नळीतून चालतो, आणि शिशापेक्षा बराच महाग पडतो. तेव्हा या बंदुका चालवायच्या असतील तर काडतुसे कमी लागतील अशा बेताने चालवाव्या लागतील. मी बिस्मथच घेतो आहे.