चेतकच्या इंजिनातील हवेचा माग

मित्रहो, समोरच्या टेबलावर ठेवलेले इंजिन बजाज चेतकचे आहे. व्हेस्पा स्कूटर बनवणाऱ्या इटलीच्या पियाजिओ कंपनीबरोबरचा परवाना करार संपल्यानंतर १९७२ साली ही स्कूटर बाजारात आली. पुढे कित्येक वर्षे ती मिळवण्यासाठी नाव नोंदवून वाट पाहावी लागे, आणि म्हणूनच आजही अनेक घरांत वडिलांची किंवा आजोबांची चेतक जिवापाड सांभाळलेली दिसते. या गाड्या माझ्याकडे येतात तेव्हा मालकाची मागणी बहुधा एकच असते, ती म्हणजे पिकअप वाढवून द्या. आजवरच्या कामातून माझे ठाम मत असे झाले आहे की, अशा दहा गाड्यांपैकी निदान आठ गाड्यांना नवी शक्ती नको असते. कारखान्यातून निघताना त्यांच्यात जी शक्ती होती ती कुठेतरी गळून गेलेली असते आणि ती परत मिळवायची असते. ती कुठे गळते हे शोधण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे हवा इंजिनात शिरते तिथपासून धूर होऊन बाहेर पडते तिथपर्यंत तिचा माग काढत जाणे.

टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनच्या दोन्ही बाजूंना काम चालते. वर दाबून जाळण्याचे काम होते, तर खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या बंद पेटीत, हवा आणि पेट्रोलचे ताजे मिश्रण ओढून घेण्याचे आणि वर ढकलण्याचे काम होते. चेतकमध्ये मिश्रण आत घेणारे दार म्हणजे खुद्द क्रँकची तबकडी आहे. तिच्या कडेला एक खाच असते. ती कार्ब्युरेटरखालच्या छिद्रासमोर आली की मिश्रण आत जाते आणि पुढे सरकली की दार बंद होते. तबकडी आणि क्रँककेसचा तो गुळगुळीत पट्टा यांच्यातील फट इतकी बारीक असते की दार लावण्यासाठी वेगळी झडप लागत नाही. मात्र बेअरिंगचा एखादा तुकडा सुटून त्या पट्ट्यावर ओरखडे पडले, की मिश्रण कार्ब्युरेटरकडे उलटे फेकले जाते, एअर फिल्टर पेट्रोलने ओला होतो आणि गाडीला किक मारून मारून पाय दुखतो. अशा वेळी कार्ब्युरेटर दहा वेळा साफ केला तरी काहीही फरक पडत नाही.

क्रँककेस हा असा पंप असल्यामुळे तो हवाबंद असलाच पाहिजे. त्याच्या दोन टोकांना दोन ऑइल सील असतात. गिअरबॉक्सच्या बाजूचे सील गेले तर इंजिन गिअर ऑइल शोषून घेते, मागे दाट पांढुरका धूर निघतो, प्लग तेलकट होतो आणि गिअरबॉक्समधील तेलाची पातळी हळूहळू खाली जाते. ही खूण दिसते, त्यामुळे माणूस सावध होतो. मॅग्नेटच्या, म्हणजे फ्लायव्हीलच्या, बाजूचे सील गेले तर बाहेरून काहीच दिसत नाही. तिथून फक्त कोरडी हवा आत येते, मिश्रणात पेट्रोल कमी पडते, गाडी उभी असताना इंजिनाचा वेग आपोआप चढतो आणि लांबच्या चढावर पिस्टन धरतो, म्हणजे तापून सिलिंडरमध्ये अडकतो.

या दुसऱ्या सीलने मला जे शिकवले ते मी विसरू शकत नाही. माझ्या वडिलांची चेतक साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढावर जाम झाली. सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून किंचित कापून गुळगुळीत करून, नवा पिस्टन घातला. पुढच्या महिन्यात त्याच घाटात, जवळजवळ त्याच वळणावर, तो पुन्हा धरला. आम्ही दोष लेथवर केलेल्या बोअरला दिला, मग तेलाला दिला, मग पिस्टनच्या दर्जाला दिला. तिसऱ्यांदा इंजिन उघडण्याआधी मी फ्लायव्हील काढून पाहिले, तेव्हा सीलचा ओठ कडक होऊन चिरलेला होता. काही रुपयांच्या रबराने दोन पिस्टन खाल्ले होते, आणि ज्या कारागिराला आम्ही नावे ठेवली त्याचे काम निर्दोष होते, याची मला आजही खंत वाटते.

तेव्हापासून हवाबंदपणाची परीक्षा घेतल्याशिवाय मी कोणत्याही इंजिनाचे पुढचे काम करत नाही. सायलेन्सर काढून त्याचे तोंड रबरी बुचाने बंद करावे, कार्ब्युरेटरच्या जागी नळी बसवलेली पट्टी लावावी, प्लग घट्ट ठेवावा आणि त्या नळीला रक्तदाब मोजण्याच्या यंत्राचा रबरी फुगा व तबकडी जोडावी. दाब तबकडीवरच्या २५० मिलिमीटरपर्यंत चढवला की तो चौरस इंचाला साधारण पाच पौंड होतो. काही मिनिटे काटा जागचा हलला नाही तर इंजिन निरोगी आहे. काटा उतरू लागला तर साबणाचे पाणी सोडून बुडबुडे कुठे येतात ते पाहावे. सिलिंडरखालचे पॅकिंग, क्रँककेसचा जोड आणि सील यांपैकी एकजण सापडतोच.

स्पार्कबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथला बिघाड लवकर ओळखता येतो. जुन्या चेतकमध्ये पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क, असतात; ते जळून खड्डे पडले असतील तर बदलावेत आणि त्यांची फट फिलर गेजनेच लावावी, अंदाजाने लावू नये. गाडी गार असताना सुरू होते, तापल्यावर बंद पडते आणि अर्धा तास उभी केली की पुन्हा सुरू होते, अशी तक्रार असेल तर आधी कंडेन्सर आणि कॉइल तपासावेत.

पेट्रोलचा विषय मात्र आज पूर्वीपेक्षा महत्त्वाचा झाला आहे. या गाडीचे जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणारे बारीक छिद्राचे तुकडे, ठरले तेव्हा पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल नव्हते. आता ते २० टक्के आहे. शुद्ध पेट्रोलचा एक भाग पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, तर इथेनॉलला फक्त ९ भाग पुरते. त्यामुळे २० टक्के मिश्रणाला साधारण साडेतेरा भागच हवा लागते. म्हणजे जुन्याच जेटमधून तेवढेच इंधन येत राहिले तर गाडी न सांगता सुमारे आठ टक्के लीन, म्हणजे हवेच्या मानाने कमी इंधनावर, चालते, आणि लीन चालणारे टू-स्ट्रोक इंजिन तापते. शिवाय इथेनॉल जुन्या रबराला फुगवते आणि पाणी ओढून घेते, म्हणून महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी आणि कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची वाटी (फ्लोट चेंबर) रिकामे करून ठेवावेत. यावर उपाय म्हणून अनेकजण पेट्रोलमध्ये मिसळायचे टू-टी ऑइल वाढवतात. दोन टक्के, म्हणजे लिटरला २० मिली, हे प्रमाण असताना ते ४० मिली घालतात आणि इंजिन सुरक्षित झाले असे समजतात. वस्तुतः जेटमधून जाणाऱ्या प्रत्येक थेंबात तेल वाढले की पेट्रोल तेवढे घटते. म्हणजे लीन गाडी आणखी थोडी लीन होते आणि सायलेन्सरमध्ये काजळी मात्र दुपटीने साठते.

त्या काजळीपाशीच हवेचा प्रवास संपतो. गाडी इंजिनाच्या कमी वेगाला बरी चालते पण जास्त वेगाला ओढत नाही, चढावर गिअर खाली आणावा लागतो आणि इंजिन तापते, अशी लक्षणे दिसली तर सायलेन्सर आणि सिलिंडरचे एक्झॉस्टचे तोंड आधी पाहावे. ते तोंड निम्मे भरलेले मी पुष्कळदा पाहिले आहे. पिस्टन खाली घेऊन लाकडी किंवा पितळी पट्टीने काजळी खरवडावी. पोलादी स्क्रू ड्रायव्हर तिथे चालवू नये.

बाजारात मिळणारे फुगीर पोटाचे सायलेन्सर हे वेगळे प्रकरण आहे. त्यामागचे शास्त्र पूर्व जर्मनीतील एमझेड कंपनीच्या वॉल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात विकसित केले. नळीच्या आकारामुळे दाबाची लाट परत फिरते आणि बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये मागे ढकलते. १९६१ मध्ये एमझेडचा शर्यतपटू अर्न्स्ट डेग्नर हे ज्ञान घेऊन सुझुकीकडे गेला आणि पुढच्याच वर्षी सुझुकीने ५० सीसी गटाचे जगज्जेतेपद मिळवले. ही लाट एका ठरावीक वेगालाच वेळेवर परत येते. तो वेग शर्यतीचा धरला असेल तर मंडईतून जाताना तीच लाट चुकीच्या क्षणी येऊन नुकसान करते. सायलेन्सर दिसायला सुंदर आहे एवढ्यावरून तो आपल्या इंजिनाला जुळतो असे समजू नये.

सिलिंडर मोठा करण्याचा मोहही आकड्यांनी तपासावा. चेतकचा बोअर (सिलिंडरचा आतील व्यास) ५७ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ५७ मिलिमीटर आहे, त्यातून १४५.४५ सीसी होतात. बोअर पूर्ण एक मिलिमीटरने वाढवला तरी सुमारे १५०.६ सीसीच होतात, म्हणजे वाढ साडेतीन टक्के. बोअर करणे ही झिजेची दुरुस्ती आहे आणि ती तशीच करावी. कानस घेऊन एक्झॉस्टचे दार वर सरकवणारे मिस्त्रीही भेटतात. दार वर गेले की ते लवकर उघडते, पिस्टनला ढकलणारा दाब आधीच सुटतो, आणि वरच्या वेगाला जे थोडे मिळते ते खालच्या ओढीतून वजा होते. दोन माणसे बसवून घाट चढणाऱ्या गाडीला हे मुळीच परवडत नाही. शिवाय निघालेले लोखंड परत लावता येत नाही. नोंदणीतील तपशिलापेक्षा वेगळे इंजिन करण्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची आडकाठी आहे, हेही ध्यानात ठेवावे.

एक गोष्ट इंजिनाबाहेरच्या हवेची. फ्लायव्हीलच्या पात्यांतून येणारा वारा सिलिंडरवर नेण्यासाठी वर पत्र्याचे आवरण असते. स्क्रू हरवले म्हणून ते काढून ठेवलेली गाडी मी दिसताक्षणी थांबवतो, कारण आवरणाशिवाय तो वारा सिलिंडरला लागतच नाही.

एवढे सगळे नीट झाल्यावरच जेटला हात लावावा. जेटवरचा आकडा मिलिमीटरच्या शतांशात असतो. १०० म्हणजे एक मिलिमीटरचे छिद्र, आणि १०० ऐवजी १०२ घातला तर छिद्राचे क्षेत्र चार टक्क्यांनी वाढते. आधी मोठा जेट घालावा, मग एकेक पायरी खाली यावे. उलट दिशेने कधीही जाऊ नये. नवा प्लग लावून रिकाम्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल देऊन गाडी न्यावी, त्याच स्थितीत इंजिन बंद करून लगेच क्लच दाबावा, कडेला थांबावे आणि प्लग काढून पाहावा. चिनीमातीचा भाग चॉकलेटी असेल तर तो जेट राहू द्यावा, काळा आणि ओला असेल तर एक पायरी खाली यावे, आणि पांढरा पडला असेल तर त्या जेटवर घरीसुद्धा जोरात जाऊ नये. उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद ठेवून गिअरमध्ये गाडी सोडल्यास पेट्रोलबरोबर तेलही थांबते, म्हणून अधूनमधून क्लच दाबून थोडा थ्रॉटल द्यावा. हा प्लग मी कालच कात्रजच्या चढावर काढला. पुढच्या रांगेतील मंडळींनी तो हातात घेऊन मागे द्यावा.