रझाकार: दरबाराच्या सावलीत वाढलेली फौज

२७ ऑक्टोबर १९४७ च्या पहाटे हैदराबाद शहरातल्या काही बंगल्यांना हजारोंच्या जमावाने वेढा घातला. पंतप्रधान नवाब छतारी, निजामाचे घटनाविषयक सल्लागार सर वॉल्टर मॉन्क्टन आणि सर सुलतान अहमद हे तिघे तेथे राहत होते आणि भारत सरकारबरोबरच्या ‘जैसे थे’ करारासाठी (विलीनीकरणाचा प्रश्न तूर्त बाजूला ठेवून परस्परसंबंध पूर्वीसारखेच चालू ठेवणाऱ्या करारासाठी) त्याच दिवशी विमानाने दिल्लीला निघणार होते. कराराच्या मसुद्याला खुद्द निजाम मीर उस्मान अली खान यांची संमती मिळालेली होती. जमाव रझाकारांचा, म्हणजे मजलिस या पक्षाच्या स्वयंसेवक दलाचा होता. पोलीस तिकडे फिरकले नाहीत, शिष्टमंडळाचे प्रयाण रद्द झाले आणि निजामाने आपलाच निर्णय मागे घेतला. छतारी पायउतार झाले, त्यांच्या जागी मीर लायक अली आले. नव्या शिष्टमंडळाने महिनाभर वाटाघाटी करून २९ नोव्हेंबरला जो करार पदरात पाडून घेतला, तो पहिल्या मसुद्याहून फारसा वेगळा नव्हता. परंतु राज्यात शब्द कोणाचा चालतो, हे त्या पहाटे सर्वांना कळून चुकले होते.

हे बळ आले कोठून, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. हैदराबाद संस्थानात तेव्हा सोळा जिल्हे होते: तेलंगणाचे आठ, मराठवाड्याचे पाच आणि कन्नड भाषकांचे तीन. लोकसंख्या सुमारे १ कोटी ६० लाख. त्यांत मुसलमानेतर बहुसंख्य होते, तर सैन्य, पोलीस आणि वरिष्ठ नोकऱ्यांमध्ये मुसलमानांचे प्राबल्य होते. १९२७ मध्ये स्थापन झालेली मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन सुरुवातीला प्रामुख्याने धार्मिक आणि सामाजिक संघटना होती. १९३८ मध्ये जबाबदार राज्यपद्धतीची, म्हणजे लोकप्रतिनिधींना उत्तरदायी असलेल्या सरकारची मागणी पुढे आली आणि स्टेट काँग्रेसवर स्थापनेआधीच बंदी घालण्यात आली. त्याच सुमारास प्रभावी वक्ते बहादूर यार जंग यांनी मजलिसला राजकीय पक्षाचे रूप दिले. राज्याची सत्ता निजाम या व्यक्तीची नसून मुस्लीम समाजाची आहे आणि निजाम हा तिचे प्रतीक आहे, असा सिद्धांत मजलिसने मांडला. दरबाराला तो सोयीचा वाटला असावा. त्यात दडलेला धोका मात्र दरबाराच्या उशिरा लक्षात आला. सत्ता समाजाची असेल, तर समाजाच्या नावाने बोलणारा पक्ष उद्या राजालाही जाब विचारू शकतो, आणि १९४७ च्या त्या पहाटे नेमके तेच घडले.

पक्षाचे स्वयंसेवक दल म्हणून रझाकार याच वर्षांत उभे राहिले. १९४४ मध्ये बहादूर यार जंग यांचे अकस्मात निधन झाले आणि १९४६ मध्ये मजलिसची सूत्रे कासीम रझवी यांच्या हाती गेली. अलीगढला शिकलेले रझवी लातूरला वकिली करीत असत. त्यांच्या भाषणांत संयमाला जागा नव्हती. आसफजाही, म्हणजे निजामाच्या घराण्याचा झेंडा दिल्लीच्या लाल किल्ल्यावर फडकेल, अशी भाषा ते जाहीर सभांतून बोलत. फाळणीच्या काळात आजूबाजूच्या प्रांतांतून भयाने आलेले निर्वासित, सत्ता हातची जाईल या धास्तीने ग्रासलेले लहान नोकरदार आणि बेकार तरुण यांना या भाषेने आधार दिला, आणि संख्या झपाट्याने वाढत गेली. रझाकारांची संख्या दोन लाखांपर्यंत सांगितली जात असे. भाले, तलवारी, ठासणीच्या बंदुका आणि थोडी आधुनिक शस्त्रे एवढीच सामग्री त्यांच्यापाशी होती, त्यामुळे हा आकडा लष्करी दृष्टीने फसवा होता. परंतु निःशस्त्र गावावर चालून जाण्यासाठी एवढी सामग्री पुरेशी होती, विशेषतः गावचा पोलीस बाजूला उभा राहून पाहत असेल तेव्हा.

१९४८ च्या पूर्वार्धात मराठवाड्यातली अनेक कुटुंबे घरदार सोडून बार्शी, सोलापूर आणि विदर्भाच्या सीमेवरील गावांकडे निघाली. स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते आणि सीमेवरच्या शिबिरांतून तिचे कार्यकर्ते सशस्त्र प्रतिकार करीत होते. तेलंगणात कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा आधीपासूनच चालू होता, आणि तेथेही रझाकार व पोलीस जोडीने गावांवर छापे घालीत. मराठवाड्यातील आठवणींत पोलीस, रोहिले (पठाण वंशाचे भाडोत्री शिपाई) आणि रझाकार पुष्कळदा एकमेकांत मिसळून येतात. त्याबद्दल सांगणाऱ्यांना दोष देता येणार नाही, कारण ज्यांच्यावर धाड आली त्यांना हा फरक दिसावा, अशी व्यवस्थाच राज्याने ठेवली नव्हती.

रझाकारांना विरोध केवळ हिंदूंचा होता, असेही नाही. ऑगस्ट १९४८ मध्ये काही प्रतिष्ठित मुसलमानांनी रझाकारांविरुद्ध जाहीर निवेदन काढले. भारतातील विलीनीकरणाचा पुरस्कार करणारे ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांचा त्याच महिन्यात हैदराबादेत भररस्त्यात खून झाला. लेखणी धरणारा त्यांचा हातही हल्लेखोरांनी तोडला.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले. मुख्य तुकडी मेजर जनरल जयंतोनाथ चौधरी यांच्या नेतृत्वाखाली सोलापूरकडून निघाली आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग तिच्या ताब्यात आला. तुळजापूरच्या परिसरात प्रतिकार झाला, पण रणगाड्यांपुढे तो टिकणे शक्य नव्हते. १७ तारखेला लायक अली मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, निजामाने शरणागती जाहीर केली, आणि दुसऱ्या दिवशी निजामाचे सेनापती एल इद्रूस यांनी रीतसर शस्त्रे खाली ठेवली. रझाकार संघटनेवर बंदी आली. जी फौज दिल्लीवर जाण्याच्या गोष्टी करीत होती, तिला राजधानीच्या रस्त्यावरही मोठी लढाई देता आली नाही. रझवी यांना अटक होऊन शिक्षा झाली. १९५७ मध्ये सुटल्यावर ते पाकिस्तानात गेले आणि १९७० मध्ये कराचीत वारले. त्यांच्या मागे राहिलेली मजलिस अब्दुल वाहिद ओवैसी यांनी पुढे नव्याने उभी केली.

रझाकारांच्या कृत्यांची किंमत मात्र पुष्कळ ठिकाणी अशा सामान्य मुसलमानांनी मोजली, ज्यांचा त्या संघटनेशी काही संबंध नव्हता. ‘पोलीस ॲक्शन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या लष्करी कारवाईनंतरच्या दिवसांत सूडाच्या हल्ल्यांत गावेच्या गावे होरपळली. पंडित नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ हजार ते ४० हजार असा नोंदवला, आणि सर्वाधिक झळ पोचलेले जिल्हे म्हणून उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड यांची नावे लिहिली. मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या वार्षिक समारंभांत या अहवालाचा उल्लेख क्वचितच होतो. कित्येक दशके तो सरकारी दप्तरात बंदच होता.