तिघींचे एक छायाचित्र

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी आपल्याशी एका जुन्या छायाचित्राविषयी बोलणार आहे. नभोवाणीवरून ते आपल्यासमोर धरता येत नाही, म्हणून आधी त्याचे वर्णन करते. आपण ते मनाशी उभे करावे, एवढी विनंती. कृष्णधवल छायाचित्र आहे. त्यात तीन तरुण स्त्रिया आहेत. डावीकडे साडी नेसलेल्या आपल्या आनंदीबाई जोशी, मध्ये किमोनो घातलेल्या जपानच्या केई ओकामी, आणि उजवीकडे आपल्या देशाचा पोशाख आणि दागिने घातलेल्या, दमास्कसहून आलेल्या सबात इस्लांबुली. तिघींपैकी कोणीही हसत नाही. त्या काळी छायाचित्र काढून घ्यायचे म्हणजे काही क्षण निश्चल राहावे लागे, आणि तो गंभीर प्रसंग मानला जाई. तारीख आहे 10 ऑक्टोबर 1885. ठिकाण अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहर. तिघीही तेथील वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया या संस्थेच्या विद्यार्थिनी आहेत आणि कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांनी दिलेल्या स्वागत समारंभाच्या निमित्ताने हे छायाचित्र काढले गेले आहे.

लहानपणी मी आनंदीबाईंचे चित्र पाहिले ते एकटीचे. शाळेच्या भिंतीवर थोर स्त्रियांच्या रांगेत ते लावलेले होते. तिघींचे छायाचित्र पाहण्यात आले ते फार उशिरा, आणि ते पाहिल्यावर प्रथमच माझ्या मनात आले की आनंदीबाई ही कोणाची तरी वर्गमैत्रीण होती. कोणाच्या तरी शेजारी बाकावर बसून तिने शरीररचनाशास्त्राची टिपणे काढली होती, परीक्षेच्या आदल्या रात्री ती कोणाशी तरी बोलली असेल. महाराष्ट्राने तिला देव्हाऱ्यात बसवले; त्या छायाचित्राने मला ती विद्यार्थिनी म्हणून परत दिली. म्हणूनच आज त्याच्याकडे जरा जवळून पाहावे असे वाटते.

प्रथम त्या कॉलेजविषयी थोडे सांगते. 1850 साली फीमेल मेडिकल कॉलेज या नावाने त्याची स्थापना झाली आणि 1867 मध्ये ते नाव बदलले. स्त्रियांना वैद्यकाची रीतसर पदवी देणाऱ्या जगातील अगदी पहिल्या संस्थांपैकी ती एक होती. पुढे 1970 मध्ये तेथे पुरुष विद्यार्थ्यांनाही प्रवेश मिळू लागला, नंतर ती संस्था दुसऱ्या संस्थांत विलीन होत गेली, आणि आज तिची सगळी जुनी कागदपत्रे, पत्रे आणि छायाचित्रे फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या अभिलेखागारात जपलेली आहेत. आपल्या तिघींचे छायाचित्रही त्याच संग्रहातले.

आता या छायाचित्राखाली लिहिलेल्या ओळीकडे वळू. तीत तिघींची नावे आणि गावे दिलेली आहेत, आणि तिघींच्याही नावामागे डॉक्टर हा शब्द लावलेला आहे. येथे मी नेहमी थबकते. कारण 10 ऑक्टोबर 1885 रोजी त्यांपैकी एकही डॉक्टर नव्हती. आनंदीबाईंना पदवी मिळाली 11 मार्च 1886 रोजी, केई ओकामींना 1889 मध्ये आणि सबात इस्लांबुलींना 1890 मध्ये. याचा अर्थ उघड आहे: निदान ते शब्द तरी छायाचित्र काढल्यानंतर काही वर्षांनी, तिघीही पदवीधर झाल्या हे ठाऊक असलेल्या कोणीतरी लिहिलेले आहेत. लिहिणाऱ्याने आणखी दोन गोष्टी केल्या आहेत. सबात हे नाव त्याने 'ताबात' असे केले आहे, आणि आनंदीबाईंच्या गावाचे, म्हणजे बंगालमधल्या सेरामपूरचे, स्पेलिंग चुकवले आहे. सेरामपूर हे काही आनंदीबाईंचे मूळ गाव नव्हे. त्या कल्याणच्या. पण पती गोपाळरावांची टपालखात्यातली नोकरी त्यांना जिथे जिथे घेऊन गेली त्यांपैकी ते शेवटचे ठिकाण, आणि अमेरिकेला निघण्यापूर्वी 24 फेब्रुवारी 1883 रोजी आनंदीबाईंनी तेथेच आपण का जात आहोत हे सांगणारे जाहीर भाषण इंग्रजीत केले होते. तेव्हा ओळ लिहिणाऱ्याने पत्ता बरोबर उतरवून घेतला. फक्त त्या नावाचा उच्चार त्याच्या कानाला परका होता. जुन्या छायाचित्रांच्या संग्रहात काम करणारी माणसे चित्राइतकेच चित्राखालच्या आणि चित्रामागच्या अक्षरांकडे लक्ष देतात, ते यासाठीच. चेहरा आपल्याला त्या दिवसाबद्दल सांगतो, अक्षर पुढच्या दिवसांबद्दल.

मग पोशाखाचा प्रश्न येतो. या तिघी रोज अशाच वेषात वर्गात बसत असतील का? आनंदीबाईंबद्दल आपल्याला बरेच माहीत आहे, कारण त्यांची पत्रे उरली आहेत. त्या अखेरपर्यंत साडीच नेसत असत. मात्र नऊवारीचा काचा मारल्यावर पोटऱ्या उघड्या राहतात, आणि फिलाडेल्फियाच्या हिवाळ्यात ते सोसणारे नव्हते. म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली, म्हणजे पाय घोट्यापर्यंत झाकता येत आणि आत परकरही घालता येई. या एवढ्याशा बदलाविषयीही त्यांना घरी लिहून खुलासा करावा लागला. राहायला मिळालेल्या खोलीतली शेगडी इतका धूर करी की धूर सोसायचा की थंडी, एवढीच निवड त्यांच्यापुढे असे. स्वयंपाक त्या स्वतःचा स्वतः करीत आणि शाकाहारच घेत. छायाचित्रात साडीचा पदर दिसतो; हा धूर दिसत नाही. 1885 च्या त्या ऑक्टोबरात त्या वीस वर्षांच्या होत्या आणि प्रकृती खालावण्यास सुरुवात झाली होती.

डीन बॉडलींच्या समारंभात मात्र पोशाख हाच पाहण्याचा विषय होता. दूर देशांतून आलेल्या विद्यार्थिनी आपापल्या देशी वेषात उभ्या राहिल्या की पाहुण्यांना, देणगीदारांना आणि वृत्तपत्रांना कॉलेजचे नाव कुठवर पोचले आहे हे एका नजरेत कळे. यात डीनबाईंचा हेतू वाईट होता असे मी मुळीच म्हणत नाही. आनंदीबाईंना त्यांनी मनापासून सांभाळले. पुढे पंडिता रमाबाईंच्या इंग्रजी ग्रंथाला प्रस्तावना लिहिणाऱ्या बॉडली त्याच. पण एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. हे छायाचित्र वेगळेपण दाखवण्यासाठी काढलेले आहे, म्हणून त्यात वेगळेपण दिसते. जे वेगळेपण कोणी सजवून समोर बसवले नाही, ते छायाचित्रात शोधावे लागते.

त्याच संग्रहातील दुसरी छायाचित्रे पाहिली की हे पटते. शवविच्छेदनाच्या खोलीत एप्रन घालून टेबलांभोवती उभ्या असलेल्या विद्यार्थिनी आहेत, व्याख्यानगृहात पायऱ्यापायऱ्यांच्या बाकांवर बसलेल्या विद्यार्थिनी आहेत, पदवीच्या वर्षाची समूहचित्रे आहेत. त्यांत जवळजवळ सगळ्याच जणी गळ्यापर्यंत बंद, गडद रंगाच्या, त्या काळच्या अमेरिकी पोशाखात दिसतात. वरवर पाहणाऱ्याला वाटावे की येथे सगळ्या एकसारख्या आहेत.

पण त्या एकसारख्या पोशाखात कोण कोण होते ते ऐका. 1867 मध्ये येथून रिबेका कोल पदवी घेऊन बाहेर पडल्या. अमेरिकेत वैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या त्या दुसऱ्या कृष्णवर्णीय स्त्री. 1889 च्या वर्गात सुझन ला फ्लेश होत्या, ओमाहा या मूलनिवासी जमातीतल्या. 36 जणींच्या त्या वर्गात त्या पहिल्या आल्या आणि अमेरिकेच्या मूलनिवासींमधून वैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. ज्या देशाची जमीन मुळात त्यांच्या पूर्वजांची, त्या देशाने सर्व मूलनिवासींना नागरिकत्व दिले ते 1924 मध्ये, म्हणजे सुझनबाई वारल्यानंतर नऊ वर्षांनी. त्यांची उपलब्ध चित्रे पाहा: उंच गळपट्टीचा पोशाख, वर बांधलेले केस, शांत नजर. नाव वाचले नाही तर ओमाहा जमातीचा मागमूस लागत नाही. आणि त्यांच्याच वर्गात, त्याच 1889 च्या पदवीच्या यादीत, आपल्या छायाचित्रातल्या केई ओकामी आहेत. जपानी किमोनो आपल्याला लगेच दिसला. ओमाहा मुलगी दिसली नाही.

आणखी एक नाव मला घ्यायचेच आहे, आणि ते छायाचित्रामुळे नव्हे तर एका पत्रामुळे. एलायझा ग्रिअर यांचा जन्म 1864 चा, गुलामीतला. 1890 मध्ये त्यांनी या कॉलेजला पत्र लिहून विचारले की वैद्यकाच्या शिक्षणाला किती पैसे लागतील, आणि गुलामीतून मुक्त झालेल्या व्यक्तीला काही मदत मिळण्याची सोय आहे का. पुढे त्यांनी एक वर्ष शिकायचे आणि एक वर्ष कापूस वेचून पैसे साठवायचे असे करत करत 1897 मध्ये पदवी घेतली. ते पत्र आज जपलेले आहे. ते वाचले की शुल्काच्या पावतीवरचे आकडेसुद्धा विद्यार्थी-जीवनाचे चित्र असू शकतात हे कळते. आपल्याकडे ज्यांनी ऊसतोडीच्या हंगामात फडावर जाऊन मग परीक्षेला बसल्याचे दिवस पाहिले आहेत, त्यांना एलायझाबाईंविषयी मी वेगळे काही सांगायला नको.

या वेगवेगळ्या मुली एकाच छपराखाली आल्या त्या सहजासहजी नव्हेत. आनंदीबाईंसाठी गोपाळरावांनी एका मिशनरी गृहस्थांना लिहिलेले पत्र एका मासिकात छापले गेले, आणि ते न्यू जर्सीत राहणाऱ्या थिओडोशिया कार्पेंटर यांच्या वाचनात आले, त्या दंतवैद्याकडे आपला नंबर येण्याची वाट पाहत बसल्या असताना. त्या बाईंनी आनंदीबाईंना आपल्या घरात मुलीसारखे ठेवून घेतले. सुझन ला फ्लेश यांच्या खर्चाला कनेटिकटमधल्या स्त्रियांच्या एका संस्थेने हातभार लावला. ओकामींचे शिक्षण योकोहामाच्या ख्रिस्ती शाळेत झालेले होते. बहुतेक परदेशी विद्यार्थिनींची वाट कुठे ना कुठे मिशनच्या दारावरून गेलेली आहे, आणि त्यात आनंदीबाई उठून दिसतात त्या एवढ्याचसाठी की त्या हिंदूच राहून शिकून परत येईन असे सांगून गेल्या आणि तसेच त्यांनी केले. प्रवेशासाठी लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपल्याला सात भाषा येतात हे नोंदवले होते, आणि आपल्या येण्याचे कारणही सांगितले होते: पुरुष डॉक्टरच्या हातून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशातील स्त्रियांना मदत करणे.

बाहेरच्या जगाने या मुलींचे स्वागत केले असेही नाही. 1869 मध्ये याच कॉलेजच्या विद्यार्थिनी पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलमध्ये रुग्ण तपासण्याचे प्रात्यक्षिक पाहायला गेल्या तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांनी त्यांची हुर्यो उडवली, त्यांच्यावर कागदाचे बोळे फेकले, त्यांच्या अंगावर थुंकले. त्या प्रसंगाचे छायाचित्र कोणी काढलेले नाही. अभिलेखागारात विद्यार्थी-जीवन पाहताना ही जाणीव मनाशी असावी: समारंभाला छायाचित्रकार बोलावला जातो, अपमानाला नाही.

त्या तिघींचे पुढे काय झाले हे आपल्याला विचारावेसे वाटत असेल. केई ओकामी जपानला परतल्या आणि टोकियोतल्या जिकेई रुग्णालयात काम करू लागल्या. सम्राट मेइजी तेथे भेटीला आले असता, स्त्री म्हणून ओकामींच्या हातून स्वागत त्यांना नको होते, असे सांगितले जाते. त्यानंतर त्यांनी ती नोकरी सोडली आणि आपल्या घरीच दवाखाना काढला. सबात इस्लांबुली आपल्या प्रदेशात परतल्या. आणि आनंदीबाई? त्यांच्या पदवीदानाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची प्रमुख म्हणून त्यांची नेमणूकही झाली. पण ते काम हाती घेण्याआधीच 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. छायाचित्र काढले त्याला तेव्हा सतरा महिनेही झाले नव्हते. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आली आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सी येथे, त्या कुटुंबाच्या दफनभूमीत, त्यांच्या नावाचा दगड आजही आहे.

या कॉलेजच्या पदवीधरांच्या यादीत 1892 सालापाशी आले की पुन्हा एक ओळखीचे आडनाव भेटते: गुरुबाई करमरकर. मराठी ख्रिस्ती कुटुंबातल्या या बाई आनंदीबाईंनंतर सहा वर्षांनी त्याच कॉलेजातून डॉक्टर झाल्या, भारतात परतल्या आणि मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या दवाखान्यात दोन दशकांहून अधिक काळ रुग्ण तपासत राहिल्या. पुरुष डॉक्टरसमोर जायला तयार नसलेल्या ज्या स्त्रियांसाठी आनंदीबाईंनी समुद्र ओलांडला होता, त्या स्त्रिया तेथे रोज येत, आणि गुरुबाई त्यांची नाडी पाहत.

नमस्कार.