राजाच्या अंगणात

(दृश्य: पहाट. आरशासमोर बसलेली आजी, मागे उभी नात.)

नात आजीच्या डोक्याला कापड बांधतेय. नायजेरियातल्या योरुबा समाजाच्या बायका या कापडाला ‘गेले’ म्हणतात. कापड ताठ आहे, पटकन वळत नाही. एक चुणी घालायची, अंगठ्याने दाबून धरायची, मग तिच्यावर दुसरी. कपाळापाशी घट्ट, वर पंख्यासारखं उघडलेलं. आजी आरशात बघते आणि मान हलवते. नाही जमलं. सोड, पुन्हा बांध.

आज आजीला राजासमोर जायचंय. एकटीने नाही, तिच्या वयाच्या सगळ्याजणींबरोबर.

(दृश्य: शहराचे रस्ते, गाड्यांची रांग.)

हे इजेबू-ओडे. नैऋत्य नायजेरियातल्या ओगुन राज्यातलं, लागोसपासून साधारण १०० किलोमीटरवरचं शहर. बकरी ईदला इथे ‘इलेया’ म्हणतात. त्याचा अर्थ सांगतात, ‘घरी जायची वेळ झाली’. आणि माणसं खरंच घरी येतात. लागोसहून, लंडनहून, अमेरिकेहून. ईदपासून तिसऱ्या दिवशी भरतो तो उत्सव म्हणजे ओजुडे ओबा. ओजुडे म्हणजे घरापुढचं अंगण, ओबा म्हणजे राजा. इथल्या योरुबा लोकांना इजेबू म्हणतात आणि त्यांच्या राजाला आवुजाले.

या उत्सवाचं मूळ आभार मानण्यात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इस्लाम इजेबूंच्या मुलखात नवीन होता, मानणारे मूठभर. पण तेव्हाच्या राजाने त्यांना अडवलं नाही. उघडपणे नमाज पढा, म्हणाला. ईद झाली की ही माणसं राजाच्या दारात यायची, त्याचे आभार मानायची, त्याच्यासाठी दुवा मागायची. मोठा सोहळा वगैरे काही नव्हता.

मग आला बालोगुन कुकू. बालोगुन म्हणजे सेनापती. कुकू बडा व्यापारी आणि वजनदार सरदार होता. आधी ख्रिस्ती होता, १९०२ साली मुसलमान झाला आणि त्याच्या पाठोपाठ कितीतरी माणसं त्या धर्मात आली. जुन्या ओडेडा सणात सरदार लवाजमा घेऊन राजापुढे जात. नव्या धर्मात तो सण त्याला चालेना. पण राजाला मान द्यायचा नाही, हे कुकूला पटणारं नव्हतं. म्हणून त्याने घोडे सजवले, ढोल घेतले आणि ईदनंतर वाजतगाजत राजवाड्याच्या अंगणात उतरला. आजच्या ओजुडे ओबाची घडण तिथली आहे. आज या अंगणात ख्रिस्तीही येतात, मुसलमानही येतात, जुनी दैवतं मानणारेही येतात. कोण कुठल्या प्रार्थनेला जातो, हे इथे कोणी विचारत नाही.

(दृश्य: मैदान. एकाच रंगाच्या पोशाखातला जथा आत येतो. डुंडुन ढोलांचा आवाज.)

आता हे बघा. या जथ्यांना रेगबेरेगबे म्हणतात. थोड्याफार वर्षांच्या फरकाने जन्मलेल्यांचा एक गट. पुरुषांचे वेगळे, बायकांचे वेगळे. जुन्या काळी रस्ते साफ करणं, गावाची कामं, वेळ पडली तर लढाई, हे सगळं या गटांवर सोपवलेलं असे. मधल्या काळात ही रीत मागे पडली. ती पुन्हा उभी केली आवुजाले सिकिरू कायोडे आडेटोना यांनी. शिक्षक, बँकवाला, दुकानदार, मंत्री, ज्याचा जन्म त्या वर्षांतला तो त्या गटात. गरीब-श्रीमंत एकाच रांगेत, एकाच कापडात.

गटांची नावं ऐकण्यासारखी आहेत. बोबागबीमो, म्हणजे राजासोबत मसलत करणारे. गबोबानीयी, म्हणजे राजाचा मान राखणारे. बहुतेक नावांत ‘ओबा’ आहेच.

पोशाखाचं कापड आहे आशो-ओके. हातमागावर त्याची अरुंद पट्टी विणतात, फार तर वीतभर रुंद. अशा पट्ट्या शेजारी शेजारी शिवल्या की अंगभर कापड होतं. जवळून पाहिलं की प्रत्येक शिवण दिसते. गटाने रंग ठरवायचा, सूत ठरवायचं, विणकराला सांगायचं. त्यावर गळ्यात पोवळ्यांच्या माळा, हातात पंखे. उत्तम पोशाखाला बक्षीस असतं, त्यामुळे दुसऱ्या गटाला रंगाचा सुगावाही लागू देत नाहीत.

जथा राजासमोर येतो. ढोल थांबत नाहीत, उलट बोलू लागतात. योरुबा भाषा सुरांवर चालते आणि या ढोलातून तेच सूर निघतात, म्हणून ऐकणाऱ्याला शब्द कळतात. राजाची स्तुती, त्याच्या पूर्वजांची नावं. पुरुष साष्टांग आडवे होतात. बायका गुडघे टेकतात. आणि एकच हाक उठते, ‘काबियेसी!’ म्हणजे, ज्याला जाब विचारता येत नाही असा.

राज्यघटनेने या राजाला राज्यकारभाराचा कुठलाही अधिकार दिलेला नाही. तो कर घेत नाही, शिक्षा करत नाही. आडेटोनांना तर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला राज्य सरकारने गादीवरून उतरवलं होतं. ते परत आले. ज्याच्या हातात सक्तीचं काहीही नाही, त्याच्यासाठी इतकी माणसं समुद्र ओलांडून येतात आणि जमिनीवर आडवी होतात. या मानाची किंमत मला म्हणूनच फार वाटते.

(दृश्य: घोडे. बंदुकांचे बार, धूर.)

मग बालोगुनांची घराणी. कुकू, ओडुनुगा, तोवोबोला, आलाउसा. झूल घातलेले घोडे ढोलावर पाय उचलतात. लहान मुलंही खोगिरावर. २०२४ साली फारूक ओरेआग्बा यांचा घोड्यावरचा फोटो जगभर फिरला. वर्षानुवर्षं कर्करोगाशी झुंजणारा माणूस, काय ऐटीत बसला होता!

(दृश्य: आडेटोनांची जुनी छायाचित्रं.)

२ एप्रिल १९६० रोजी आडेटोना गादीवर बसले तेव्हा वय २५, आणि देश स्वतंत्र व्हायला सहा महिने होते. १३ जुलै २०२५ रोजी, ९१ व्या वर्षी ते गेले. पासष्ट वर्षांत त्यांनी तरुणांचे गट म्हातारे होताना पाहिले. त्यांच्यानंतरही गटांची नावं तीच आहेत. नावात ‘ओबा’ आहे, कुणा एका राजाचं नाव नाही.

(दृश्य: पहाटेची आजी, आता मैदानात.)

आजीचा गट आत येतोय. तरुण गटांच्या रांगा संपता संपत नाहीत. हिच्या गटात आता थोड्याचजणी उरल्यात. कापड मात्र सगळ्यांचं एकच, आणि डोक्यावरचा पंखा अगदी सरळ.

ढोल बोलतात. बायका गुडघे टेकतात. आजीला वेळ लागतो. शेजारणीने तिचा दंड धरलाय, आणि दोघी एकदमच खाली वाकतात.