प्लेट निर्जंतुक असते, तरी तिच्यावर जंतू बसतात कसे?

ही बघा, मोडलेल्या हाडाला लावतात ती प्लेट. कॅमेऱ्याजवळ धरते. टायटॅनियमची, गुळगुळीत, निर्जंतुक केलेली. मग हिच्यावर बॅक्टेरिया टिकतात कसे?

गंमत म्हणजे, बऱ्याचदा ते धातूला धरतच नाहीत, आपल्याच प्रथिनांना धरतात. प्लेट आत गेली की बघता बघता तिच्यावर रक्तातल्या प्रथिनांचा थर चढतो. त्यात फायब्रिनोजेन असतं, फायब्रोनेक्टिन असतं. आणि स्टॅफिलोकोकस ऑरियस, म्हणजे हाडांच्या इन्फेक्शनमधला नेहमीचा आरोपी, याच्या अंगावर नेमकं हेच पकडणारे आकडे असतात. काहींकडे कोलॅजेन धरणाराही असतो. हाडात काय कमी कोलॅजेन आहे!

1957 साली एलेक आणि कोनेन या संशोधकांनी स्वयंसेवकांच्या त्वचेवर प्रयोग केला. (आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही.) नुसते जंतू टोचले तर पू व्हायला लाखो लागायचे. सोबत रेशमी टाका असला की काहीशे पुरायचे. बाहेरची वस्तू आत असण्यानं एवढा फरक पडतो.

एकदा बूड टेकलं की जंतू भोवती चिकट थर तयार करतात. हीच बायोफिल्म. आतले बरेच जंतू जवळपास सुस्त पडून राहतात, आणि आपली बरीच अँटिबायोटिक्स वाढणाऱ्या जंतूंनाच नीट मारतात. प्लेटला स्वतःचा रक्तपुरवठा नाही, पांढऱ्या पेशींना तो थर गिळता येत नाही. मग गोळ्या चालू असेपर्यंत बरं वाटतं, बंद केल्या की जखमेतून पुन्हा पाणी यायला लागतं.

हाडात तर आणखी पंचाईत. हाडातल्या बारीक नळ्या एक मायक्रॉनपेक्षाही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही अरुंद. उंदरांच्या हाडात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली स्टॅफिलोकोकस ऑरियस अंग चोरून, लांबट होऊन त्यांत शिरलेला दिसलाय. पांढरी पेशी तिथे मावतच नाही.

म्हणून इन्फेक्शन लवकर कळलं तर सर्जन जखम उघडून, धुऊन प्लेट वाचवायचा प्रयत्न करतात. थर जुना झाला की बहुतेकदा ती काढावीच लागते. काढलेली प्लेट कधीकधी ध्वनिलहरींनी हलवतात, जंतू सुटे करून कल्चर लावायला, म्हणजे ते वाढवून ओळखायला. आणि हो, जखमेतून पाणी येतंय म्हणून घरातली उरलेली अँटिबायोटिक घेऊ नका. कल्चरमध्ये मग बऱ्याचदा काहीच उगवत नाही, आणि कुठल्या जंतूशी गाठ आहे हे डॉक्टरांना कळत नाही.