भावना मोजायच्या कशा?

नमस्कार श्रोतेहो.

"दुसऱ्याच्या मनातलं मला चटकन ओळखता येतं. सहमत की असहमत?" नोकरीच्या आशेनं बसलेला उमेदवार यावर कुठं खूण करणार, हे सांगायला मानसशास्त्रज्ञ कशाला हवा? भावनिक बुद्धिमत्ता म्हणजे स्वतःच्या आणि इतरांच्या भावना ओळखण्याची, हाताळण्याची हातोटी. तिच्या कितीतरी चाचण्या अशाच स्वतःविषयीच्या विधानांवर चालतात. गंमत अशी, की ज्याला इतरांचं मन कळत नाही, त्याला बहुधा हेही कळत नसतं. शिवाय यातले गुण व्यक्तिमत्त्व चाचण्यांच्या गुणांशी बरेच जुळतात. मनमिळाऊ, शांत माणूस दोन्हीकडं वरचढ. मग नवीन काय मोजलं?

मानसशास्त्रज्ञ पीटर सॅलोवे आणि जॉन मेयर यांनी 1990मध्ये भावनिक बुद्धिमत्तेची कल्पना मांडली, तेव्हा त्यांना अभिप्रेत होती ती क्षमता, स्वभाव नव्हे. म्हणून डेव्हिड करुसो यांना सोबत घेऊन त्यांनी वेगळी चाचणी तयार केली. 2002मध्ये आलेल्या तिच्या आवृत्तीत 141 प्रश्न आहेत. चेहऱ्याचं छायाचित्र दाखवायचं आणि विचारायचं, यात दुःख किती, राग किती? निसर्गदृश्यांबद्दलही असंच विचारतात.

इथं फुशारकी चालत नाही. पण बरोबर उत्तर ठरवायचं कुणी? त्यांनी दोन वाटा काढल्या: हजारो लोकांचा कौल आणि भावनांवर संशोधन करणाऱ्या 21 तज्ज्ञांचा कौल. दोन्ही कौल जवळजवळ तंतोतंत जुळले. चाचणीकर्त्यांना हा भक्कम पुरावा वाटला. मला मात्र तिथंच शंका येते. गणिताच्या पेपरात अवघड उदाहरण वर्गातल्या दोघांनाच सुटतं, म्हणून काही त्यांचं उत्तर चूक ठरत नाही. इथं बहुमत हीच उत्तरपत्रिका असेल, तर इतरांना न दिसलेली उदासी ज्याला अचूक दिसली, त्याचेच गुण कापले जाणार! आणि हसून राग लपवायची रीत जिथं आहे, तिथल्या माणसानं कुणाच्या बहुमताशी जुळवून घ्यायचं?

ही चाचणी अगदीच टाकाऊ आहे असं नाही. विधानांवरच्या खुणांपेक्षा ती नक्कीच प्रामाणिक. पण चिडलेल्या सहकाऱ्याशी कसं वागावं हे ठाऊक असणं वेगळं आणि ऐनवेळी तसं वागणं वेगळं. कागदावर पहिलंच तपासलं जातं.

तेव्हा कुणी तुमच्या हातात असा गुणांक ठेवला, तर खुशाल विचारा: यातली बरोबर उत्तरं कुणी ठरवली?